परदेशातून दत्तक आलेलं बाळ आणि घरातले पहिले आठवडे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची लेक दहा महिन्यांची असताना दुसऱ्या देशातून आमच्याकडे आली. आता ती शाळेत जाते, पण नुकतंच बाळ घेऊन परतलेले आईबाबा अजून मला मेसेज करतात, बहुतेक रात्री दोन-अडीचला. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते आहे. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. तब्येतीचं आणि कायद्याचं जे लिहिलंय ते घेऊन आपापल्या तज्ज्ञांकडे जा आणि त्यांना विचारा. इथे ‘बाळ’ म्हणजे साधारण दीड वर्षापर्यंतचं मूल.

१. बाळ घरी येऊन चार दिवस झाले. रोज नेमकं काय करायचं?

फार काही नाही, आणि तेच अवघड जातं. बाळाच्या बाजूने बघा. एका दिवसात त्याची माणसं गेली, खोली गेली, दुधाची चव, कपड्यांचा वास, कानावर पडणारी भाषा गेली, दिवस उजाडायची वेळसुद्धा बदलली. मोठ्या माणसावर अशी वेळ आली तर आपण त्याला चार दिवस गप्प पडू देतो. बाळापुढे मात्र खुळखुळे वाजवतो.

सुरुवातीचे आठवडे कंटाळवाणेच हवेत. तीच दोन माणसं, तीच खोली, उठणं-दूध-खेळ-आंघोळ-झोप त्याच क्रमाने. घड्याळ थोडं मागेपुढे झालं तरी चालेल, क्रम मोडू नका. दूध पाजणं, भरवणं, शी-शू, आंघोळ, झोपवणं ही कामं फक्त आई-बाबांनी करायची. बाळाला पोटाशी बांधायची झोळी असेल तर घरातल्या घरात वापरा. मी हौसेने खेळण्यांची टोपली भरून ठेवली होती. लेक तीन दिवस एका पिवळ्या प्लॅस्टिकच्या चमच्याशी खेळली. टोपली महिन्याभराने उघडली.

२. आमचं बाळ अजिबात रडत नाही. सगळे म्हणतात, किती शहाणं आहे. खरंच तसं असतं का?

मला सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. आमच्याकडेही तसंच होतं. तिसऱ्या रात्री मी सहज उठून बघायला गेले तर ती टक्क जागी. लंगोट भिजून गादीपर्यंत ओल गेलेली, आणि ही छताकडे बघत स्वतःची बोटं एकेक करून ओढत पडलेली. किती वेळ जागी होती कोण जाणे. तोंडातून आवाज नाही.

रडणं म्हणजे बाळाचं मागणं. अनाथाश्रमासारख्या ज्या संस्थेत एका बाईच्या वाट्याला दहा-बारा बाळं येतात तिथे रडून कुणी लगेच येत नाही, हे बाळ शिकतं आणि मागणं सोडून देतं. तिथल्या बायका वाईट असतात असं नाही, हातच पुरत नाहीत. म्हणून सुरुवातीला रडण्याची वाट बघू नका. रात्री ठरवून दोन-तीनदा जाऊन बघा. दिवसा बाळाने नुसतं ‘अं’ केलं, ओठ काढला, मान वळवली, की लगेच जवळ जा. दर वेळी. ‘अशाने लाडावेल’ हा सल्ला या काळात कानाआड करायचा.

यामागे अभ्यास आहे. रोमानियात बुखारेस्टमध्ये २००० साली नेल्सन, फॉक्स आणि झीना या संशोधकांनी संस्थांमधल्या १३६ लहान मुलांचा अभ्यास सुरू केला. त्यातल्या साधारण निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून सांभाळणाऱ्या कुटुंबांत पाठवलं गेलं. कुटुंबात गेलेल्या मुलांना माणसांचा लळा लागला, आणि जी दोन वर्षांच्या आत गेली त्यांना जास्त चांगला लागला. म्हणजे मागणं सोडलेलं बाळ पुन्हा मागायला शिकतं.

आमची एकोणिसाव्या रात्री पहिल्यांदा ओरडून रडली. आम्ही दोघं दचकून उठलो आणि दारातच एकमेकांवर आपटलो. पोर टाहो फोडतंय आणि आईबाबा हसतायत, असं दृश्य होतं.

एक मात्र लक्षात ठेवा. गप्प असणं वेगळं आणि मलूल असणं वेगळं. दूध ओढत नाही, हाक मारली तरी डोळे उघडत नाही, अंग सैल पडलंय किंवा तापलंय, असं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.

३. आमचं उलट आहे. आईच्या कडेवर गेलं की किंचाळतं, बाबाकडे मात्र शांत. आईने काय पाप केलंय?

काही नाही. एवढ्या उलथापालथीत बाळ एकच माणूस घट्ट धरतं. कुणाला धरेल ते आधी सांभाळणारं माणूस कसं होतं, आवाज कुणासारखा आहे, दाढी आहे की नाही, यावरही असतं. ज्याला धरलंय त्याला बाजूला करून दुसऱ्याकडे ढकलू नका. दोघं शेजारी बसा. बाबाच्या मांडीवर बाळ आणि बाटली आईच्या हातात, इथून सुरुवात करा. नको असलेल्या माणसाने बाळासमोर रडू नये, स्वयंपाकघरात जाऊन रडावं. मी हेच केलंय. आमची रडायला लागल्यावर आमच्याकडे हा प्रकार पाच आठवडे चालला.

४. दूध कुठलं द्यायचं? बाटली तोंडात दिली की मिनिटभरात संपवतं आणि मग ओकतं.

पहिले काही दिवस तिथे जे डब्याचं दूध मिळत होतं तेच द्या. परतताना दोन-तीन डबे बरोबर आणता आले तर सोन्याहून पिवळं. मग आठ-दहा दिवसांत नव्या दुधाचं प्रमाण थोडं थोडं वाढवत बदला. वर्षाच्या आत गाई-म्हशीचं दूध मुख्य दूध म्हणून देऊ नका.

घाईने पिण्याचं कारण बहुतेक वेळा निपलमध्ये असतं. संस्थांमध्ये वेळ वाचावा म्हणून भोक मोठं करतात, बाटली दुपट्याला टेकवून ठेवतात, दुधात पीठही कालवतात. बाळाला दूध घशात ओतलं जायची सवय असते, ओढायची नसते. लहान भोकाचं निपल एकदम दिलं तर ते चिडतं, म्हणून एकेक पायरी खाली या. बाटली टेकवून ठेवायची नाही, कितीही दमला असाल तरी. मांडीवर घ्या, चेहरा आपल्याकडे. सुरुवातीला बाळ मान फिरवून भिंतीकडे बघत पितं. बघू दे. नजर जबरदस्तीने मिळवू नका, तुमची नजर तिथे असली की झालं.

वरचं अन्न घेणारं बाळ कधी ताट हलवलं की आकांत करतं, कधी पोट भरल्याचं कळतच नाही. शेवटचा घास संपायच्या आत थोडंसं त्याच्या हातात ठेवा. अन्न संपत नाही हे कळायला वेळ लागतो.

५. दिवसाची रात्र झाली आहे. कधी सुरळीत होईल?

जितक्या तासांचा फरक, साधारण तितके दिवस. सकाळी उजेडात न्या, संध्याकाळी दिवे मंद करा, रात्री जागं असेल तर अंधारातच बसा आणि खेळ काढू नका. पण वेळ जुळली तरी झोप लागेलच असं नाही, कारण झोपणं म्हणजे डोळे मिटून माणसं सोडणं, आणि मागच्या वेळी डोळे उघडले तेव्हा सगळंच बदललेलं होतं. बरीच बाळं पंधरा-वीस बाळांच्या खोलीत झोपलेली असतात. त्यांना एकांताची खोली भयाण वाटते. पाळणा तुमच्या पलंगाला लागून ठेवा. बाळ पाठीवर, गादी घट्ट, उशी-पांघरूण-मऊ खेळणी बाळाजवळ नकोत. झोपताना डोकं इकडून तिकडे हलवत असेल किंवा हातापायांवर डुलत असेल तर घाबरू नका. एकटेपणात स्वतःला थोपटायची ती रीत आहे. हात लावा, तुम्ही थोपटा. दोन-तीन महिन्यांनीही तेवढंच असेल तर डॉक्टरांना सांगा.

६. डॉक्टरांकडे कधी न्यायचं? बाळ ठणठणीत दिसतंय.

दिसत असलं तरी दोन आठवड्यांच्या आत. काही ठिकाणी परदेशातून दत्तक आलेल्या मुलांसाठी वेगळे दवाखाने असतात; नसेल तर चांगला बालरोगतज्ज्ञ पुरतो, फक्त ‘बाळ दुसऱ्या देशातून, संस्थेतून आलंय’ हे पहिल्या वाक्यात सांगा. नाहीतर नुसतं वजन करून परत पाठवतील. साधारणपणे बघतात ते असं: पूर्ण रक्तगणती, हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही, सिफिलिस, क्षयरोगाची चाचणी, थायरॉइड, रक्तातलं शिसं, वेगवेगळ्या दिवशी घेतलेले शौचाचे तीन नमुने जंतांसाठी, शिवाय कान आणि डोळे. अंगावर खाज येणारे बारीक पुरळ असेल तर खरजेचं विचारा. ती सगळ्या घराला लागते आणि औषधही सगळ्यांना घ्यावं लागतं.

७. तिथे सगळ्या तपासण्या झाल्या आहेत, कागद आहेत. परत सुया टोचायच्या?

हो. तिथली तपासणी खोटी असते म्हणून नव्हे, तर तारीख जुनी असते म्हणून. संसर्ग झाल्यावर तो रक्तात दिसायला वेळ लागतो. म्हणूनच घरी आल्यावर केलेल्या एचआयव्ही आणि हिपॅटायटिसच्या तपासण्या साधारण सहा महिन्यांनी पुन्हा करायला सांगतात, आणि क्षयरोगाची चाचणीही काही महिन्यांनी पुन्हा. बीसीजीचा (क्षयाच्या लसीचा) व्रण आहे म्हणून क्षयरोगाची चाचणी टाळायची नसते.

याची दुसरी बाजूही सांगते, कारण एक आई रात्रभर रडत होती. दीड वर्षापर्यंतच्या बाळाच्या रक्तात जन्मदात्या आईकडून आलेली प्रतिपिंडं (अँटिबॉडी) असू शकतात. एचआयव्हीची साधी चाचणी त्यामुळे ‘पॉझिटिव्ह’ येते आणि बाळाला प्रत्यक्षात लागण नसते. विषाणूची थेट तपासणी होईपर्यंत निष्कर्ष काढू नका. त्या बाळाला लागण नव्हती.

लसींच्या नोंदीत तारखा असतील आणि त्या बाळाच्या वयाशी व दोन डोसांमधल्या अंतराशी जुळत असतील तर डॉक्टर त्या धरतात. सगळ्या तारखा एकाच पेनाने, एकाच दिवशी लिहिल्यासारख्या दिसल्या तर लस पुन्हा देतात किंवा रक्तातली प्रतिकारशक्ती मोजतात. बहुतेक लसींचा एखादा डोस जास्त झाला तर बिघडत नाही.

८. कमरेवर निळसर-काळे डाग आहेत. तिथे मारहाण झाली असेल का?

बहुधा नाही. गडद कांतीच्या बऱ्याच बाळांना कमरेवर, कुल्ल्यांवर असे जन्मखुणेचे डाग असतात. दुखत नाहीत, मुक्या मारासारखे हिरवे-पिवळे होत नाहीत, आणि पहिल्या काही वर्षांत फिके पडतात. डॉक्टरांना दाखवून तपासणीच्या कागदावर नोंद करून घ्या आणि तारखेसह फोटो ठेवा. उद्या पाळणाघरात कुणी संशय घेतला तर हा कागद कामी येतो. डाग रंग बदलत असेल, हात लावल्यावर बाळ कळवळत असेल, तर मात्र वेगळी गोष्ट आहे, लगेच दाखवा.

९. दहा महिन्यांचं आहे पण नीट बसत नाही, वजनही सहा महिन्यांच्या बाळाचं. काही गंभीर असेल का?

संस्थेत काढलेल्या दर तीन महिन्यांमागे उंची साधारण एका महिन्याने मागे पडते, असा डॉक्टरांचा ढोबळ हिशेब आहे. हालचालींचंही तसंच होतं: दिवसभर पाळण्यात पाठीवर ठेवलेल्या बाळाला बसायची संधीच मिळालेली नसते. डोक्याची मागची बाजू चपटी असते तीही त्यामुळेच. जमिनीवर सतरंजी घाला, जागेपणी थोडा थोडा वेळ पोटावर ठेवा, तुम्हीही समोर पालथे पडा. वजन पहिल्या काही महिन्यांत भराभर वाढतं, आणि तेव्हाच लोह कमी पडू शकतं. रक्त पुन्हा बघायला सांगा. डोक्याचा घेर दर भेटीत मोजून घ्या, तो मागे राहत असेल तर डॉक्टर जास्त खोलात जातील. एका भेटीवरून काही ठरवू नका. महिन्या-महिन्याच्या नोंदींमध्ये रेघ वर चढतेय का, ते बघा.

१०. आजी-आजोबा वर्षभर वाट बघतायत. त्यांनी बाळाला घ्यायचंच नाही?

घ्यावं, पण थोडं थांबून. आधी बाळाने तुमची ओळख धरू दे. तोवर आजीने शेजारी बसावं, गप्पा माराव्यात, बाळ सरकत आलं तर हसावं. भूक लागली, पडलं, झोप आली की बाळ आई-बाबांकडेच द्यायचं. किती दिवस, याला आकडा नाही. काहींना तीन आठवडे, काहींना तीन महिने. बाळ यायच्या आधीच हे सांगून ठेवा, दारात सांगितलं की मन दुखावतं. माझ्या सासूबाई आठवडाभर रुसल्या होत्या. मग त्यांनीच येणाऱ्या-जाणाऱ्यांना दारातून परत पाठवायचं काम हातात घेतलं आणि माझ्यापेक्षा कडक निघाल्या.

एक गोष्ट मात्र हमखास राहते. हिपॅटायटिस ए बाळांमध्ये बऱ्याचदा लक्षणांशिवाय असतो आणि लंगोट बदलणाऱ्याला लागतो. जिथे हा आजार जास्त आहे तिथून बाळ येत असेल, तर पहिल्या ६० दिवसांत त्याच्या जवळ वावरणाऱ्या सगळ्यांनी त्याची लस घ्यावी असा सल्ला असतो. पहिला डोस बाळ यायच्या किमान दोन आठवडे आधी. गोवराची लस झाली आहे का, तेही सगळ्यांनी बघून घ्या.

११. आमचं बाळ कुणाकडेही हसत जातं. म्हणजे ते रुळलं ना?

अजून नाही. नवव्या-दहाव्या महिन्यात बाळाने परक्याला बघून जरा बिचकायला हवं. ज्याला सगळेच सारखे, त्याला अजून कुणी आपलं झालेलं नाही. वरच्या उत्तरातला नियम इथे जास्त काटेकोर पाळा. पहिल्यांदा कुणाला तरी बघून तुमच्या खांद्यात तोंड लपवेल तो दिवस लिहून ठेवा.

१२. त्याची भाषा आम्हाला येत नाही. आपल्या भाषेत बोलत राहायचं का?

बोलत राहा, भरपूर. दहा-बारा शब्द मात्र त्याच्या भाषेतले शिका: दूध, झोप, ये, झालं, दुखलं, आई आली. शक्य असेल तर सांभाळणाऱ्या बाईच्या आवाजातलं अंगाईगीत फोनवर रेकॉर्ड करून आणा. आधी एकदा एकट्याने ऐका, कारण काही बाळं ते ऐकून शांत होतात आणि काही शोधायला लागतात. शोधायला लागलं तर बंद करा, पुढे कधीतरी.

पहिली भाषा पुसली जाते असं आपल्याला वाटतं. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वेगळं दिसलं. साधारण वर्षाच्या असताना चीनमधून दत्तक आलेल्या, आता फक्त फ्रेंच बोलणाऱ्या मुलींना चिनी भाषेत शब्दाचा अर्थ बदलणारे आवाजाचे चढउतार ऐकवले. त्यांना एक शब्द कळत नव्हता, पण मेंदू चिनी बोलणाऱ्या मुलींसारखाच प्रतिसाद देत होता.

१३. नाव बदलावं का?

हे एकच त्याच्याबरोबर आलंय, म्हणून मी म्हणेन ठेवा. निदान मधलं नाव म्हणून तरी. बदलायचंच असेल तर पहिले काही महिने जुनं आणि नवं जोडून हाक मारा. संस्थेत कागदावरचं आणि हाक मारायचं नाव वेगळं असू शकतं, ते निघण्याआधी विचारून घ्या. आम्ही पंधरा दिवस ज्या नावाने हाक मारली त्या नावाने तिला तिथे कुणीच ओळखत नव्हतं.

१४. कुठले कागद जपायचे?

सगळे, आणि मूळ प्रती. दोन्ही देश २९ मे १९९३ च्या हेग दत्तक कराराचे (एका देशातून दुसऱ्या देशात होणाऱ्या दत्तकासाठीचा आंतरराष्ट्रीय करार) सदस्य असतील तर कलम २३ खालचं प्रमाणपत्र सगळ्यात महत्त्वाचं. त्याच्या आधारावर तिथलं दत्तकविधान इतर सदस्य देशांत आपोआप मान्य होतं. नागरिकत्व मात्र आपोआप मिळेलच असं नाही. ते तुमच्या देशाच्या कायद्यावर आहे आणि तो अर्ज पहिल्या आठवड्यांतच मार्गी लावा. ‘बाळ घरी आलं, बाकी बघू’ म्हणून राहिलेला अर्ज मूल सज्ञान झाल्यावर आठवलेली माणसं आहेत. बाळाची मूळ माहिती जपणं ही कलम ३० प्रमाणे सरकारी यंत्रणांची जबाबदारी आहे, पण तुमच्याकडेही प्रत असू द्या. औषधाच्या चिठ्ठ्यासुद्धा टाकू नका.

१५. दात बघून डॉक्टर म्हणाले, कागदावरच्या वयापेक्षा मोठं वाटतं. जन्मतारीख बदलून घेऊ?

आत्ता नको. सापडलेल्या बाळाची तारीख कित्येकदा अंदाजाने लिहिलेली असते हे खरं, पण कुपोषणात दात आणि हाडं दोन्ही फसवतात. वर्षभर चांगलं खाऊ-पिऊ द्या, मग पुन्हा बघा (उंचीबद्दल प्रश्न ९ पाहा).

१६. इतकी वर्षं वाट पाहिली आणि आता मला बाळाबद्दल काहीच वाटत नाही. हे कुणाला सांगू?

मला सांगितलंत, ही सुरुवात झाली. दत्तकानंतरच्या नैराश्याला दत्तक क्षेत्रात काम करणाऱ्या जून बाँड यांनी १९९५ साली नाव दिलं, त्याआधी आया ते गिळून बसत. बाळंतपण झालं नाही म्हणून नैराश्य येणार नाही असं नसतं: झोप नाही, घरात अनोळखी बाळ, आणि सगळे म्हणतायत ‘किती भाग्यवान’. बाबांनाही होतं. प्रेम नसलं तरी कामं करता येतात, आणि बाळाला आधी कामंच हवी असतात. लळा दोन्हीकडून हळूहळू लागतो. पण दोन आठवडे सलग उदास वाटत असेल, खाणं-झोप उडाली असेल तर डॉक्टरांना गाठा. स्वतःला किंवा बाळाला इजा करावी असा विचार मनात आला तर बाळाला दुसऱ्याच्या हातात द्या आणि त्याच क्षणी मदत मागा, सकाळची वाट बघू नका.

१७. दत्तक बाळाला अंगावर पाजता येतं का?

काहींना येतं. गर्भारपण नसतानाही पंप आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधं घेऊन दूध उतरवता येतं, पण पोटभर उतरेलच असं नाही. स्तनाला बारीक नळी लावून डब्याचं दूध पाजायचा उपाय आहे. सहा-आठ महिन्यांचं, बाटलीचंच माहीत असलेलं बाळ बहुतेक वेळा नकार देतं. तो नकार स्वतःवर घेऊ नका आणि हट्टही धरू नका. प्रश्न ४ मध्ये सांगितलं तसं मांडीवर घेऊन दिलेली बाटली कमी नाही.

१८. लोक विचारतात, ‘खरे आईबाप कोण?’ काय सांगू?

‘ती तिची गोष्ट आहे, मोठी झाली की तीच सांगेल.’ विषय बदला. बाळाच्या आधीच्या आयुष्याचा तपशील शेजाऱ्यांना सांगितलात तर तो बाळाच्या आधी सगळ्यांना माहीत होतो.

१९. बाळाच्या अंगावर आलेले कपडे फार मळके आहेत. धुऊ, की टाकून देऊ?

टाकू तर नकाच, आणि निदान एक कपडा पहिले काही आठवडे धुऊही नका. तुम्हाला येतो तो कुबट वास बाळाला ओळखीचा असतो. जागेपणी तुमच्या मांडीवर असताना हातात द्या (पाळण्यात का नको, ते प्रश्न ५ मध्ये आहे). खरजेची शंका असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत चांगली बंद करून चार-पाच दिवस ठेवा. किडे अंगाबाहेर फार जगत नाहीत, वास बराचसा राहतो.

आमची एका फिकट हिरव्या झबल्यात आली. आतल्या शिवणीवर मार्करने १७ लिहिलेलं आहे. तो तिचा आकडा होता की तिच्या आधीच्या कुणाचा, ते कळलं नाही. झबलं कपाटात वरच्या कप्प्यात असतं. अधूनमधून ती मागते, अंगाला लावून बघते, हात जात नाहीत म्हणून हसते आणि बाहुलीला घालते. बाहुलीला ते मोठं होतं.